शेवटच्या पंगतीची मोटार

पेट्रोलच्या मोटारीचे जे अनेक गुण तिच्या वियोगानंतर लक्षात येऊ लागले आहेत, त्यांत मला अग्रस्थान द्यावेसे वाटते ते याला, की तिचा आहार घराच्या उंबरठ्याबाहेर होत असे. गृहस्थ कचेरीतून परतताना पंपावर थांबे, टाकीचे झाकण उघडून देई, आकडा शून्यावर असल्याची खात्री करून घेई आणि पैसे मोजून मोकळा होई. त्या व्यवहाराला साक्षी असे तो केवळ पंपावरचा पोरगा, आणि पावती खिशातल्या खिशात चुरगळून जात असल्यामुळे घरच्या हिशेबात ती रक्कम कधी 'प्रवास' तर कधी 'किरकोळ' अशा सदरांखाली निर्धोकपणे विसावत असे.

विजेच्या मोटारीने ही सारी सोय नष्ट केली, कारण ती घरी जेवते. तिचा खर्च महिनाअखेरीस त्याच कागदावर उमटतो ज्यावर फ्रिज, गिझर, मिक्सर आणि देवघरातला दिवा यांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या उमटत आला आहे, आणि तो कागद बहुतेक मराठी घरांत वहिवाटीने गृहिणीच्या अखत्यारीतला असतो. परिणामी ज्या पुरुषाने हयातीत कधी पेट्रोलचा जाब कोणाला दिला नाही, त्याला आता दरमहा बैठकीच्या खोलीत कैफियत द्यावी लागते. विजेची मोटार धूर सोडत नाही, आवाज करत नाही, हे सारे मान्य. परंतु तिने खाजगी खर्चाचे जे सार्वजनिकीकरण केले आहे त्याचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत आढळत नाही.

घरी मोटार चार्ज करणे ही काही आजची टूम नव्हे. अमेरिकेत 1910 च्या सुमारास सुखवस्तू लोक आपल्या मोटारखान्यात पाऱ्याच्या बाष्पाचा एक काचेचा गोळा बसवीत, आणि त्याच्या निळसर प्रकाशात रात्रभर बॅटरी भरली जाई. खुद्द हेन्री फोर्ड पेट्रोलच्या मोटारी लाखांच्या संख्येने बनवून जगाला विकत असताना त्याची पत्नी क्लारा मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची मोटार चालवीत असे. ज्याच्या कारखान्यातून मोटारी निघत त्याच्याच घरात इंधनाविषयी असे दोन पक्ष होते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जे घडले त्याचे फारसे नवल वाटणार नाही.

तेथे राहणारे आमचे एक स्नेही सरकारी कचेरीत हिशेबतपासणीचे काम करतात, आणि सारी सोसायटी त्यांना ऑडिटरसाहेब म्हणते. दुसऱ्याच्या जमाखर्चातली तफावत हुडकून काढण्यात ज्यांचे केस पांढरे झाले, त्या गृहस्थांनी विजेची मोटार घेतली ती मात्र विक्रेत्याच्या तोंडच्या एका वाक्यावर विसंबून, आणि ते वाक्य असे होते की ही मोटार रुपयाहून कमी पैशांत किलोमीटर जाते. विक्रेत्याचे गणित दोन ओळींचे होते: एका युनिटात 7 किलोमीटर, आणि युनिटचा दर 6 रुपये. या गणितातला प्रत्येक आकडा सुटासुटा तपासला तर खरा ठरतो, आणि अशा दोन खऱ्या आकड्यांचा संयोग घडवून तिसरा खोटा आकडा जन्माला घालणे हीच विक्रीकलेची परमसिद्धी असावी असा माझा समज आहे.

खरे पाहता 7 किलोमीटर जाते ते बॅटरीतले युनिट, आणि पैसे पडतात ते भिंतीतल्या युनिटाचे. या दोहोंमध्ये चार्जर, वायर आणि खुद्द बॅटरी असे तीन मध्यस्थ असतात, आणि जुन्या अमलदारीतल्या कारकुनांप्रमाणे ते आपली दस्तुरी उष्णतेच्या रूपाने वसूल केल्यावाचून माल पुढे जाऊ देत नाहीत. भिंतीतून 100 युनिट निघाले तर बॅटरीत 85 ते 90 पोहोचतात. ऑडिटरसाहेबांचे महिन्याचे जाणेयेणे हजार किलोमीटरचे. त्याला बॅटरीतून 143 युनिट लागत असले तरी मीटरवर 170 पडतात. वरून सगळ्या रकमेवर राज्य सरकारचे वीज शुल्क, शेकडा 16. परंतु ही सारी किरकोळ वजावट झाली. खरी गोम त्या सहा रुपयांत होती.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर एक नसतो, तो पायरीपायरीने चढत जातो. वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक तो बदलत असल्यामुळे ठोकळ मानाने सांगायचे तर, वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांना सुमारे 6 रुपये, 101 ते 300 पर्यंत सुमारे 11, 301 ते 500 पर्यंत साडेचौदाच्या आसपास आणि त्याच्याही पुढे सोळाच्या घरात. लग्नघरातल्या पंगतींशी हे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. फरक इतकाच की लग्नात शेवटच्या पंगतीला आमटी पातळ मिळते आणि दर सर्वांना सारखाच, म्हणजे आहेराएवढा, पडतो, तर येथे पदार्थ पहिल्या पंगतीचेच असून उशिरा बसणाराला पानाचे दाम अडीचपट मोजावे लागते. मग प्रश्न असा उद्भवतो, आणि हा प्रश्न भल्याभल्या नैयायिकांनाही पुरून उरावा, की पंगतीला आधी कोण बसले आणि नंतर कोण? विजेला रंग नाही, वास नाही, आणि कोणते युनिट गिझराच्या पोटात गेले व कोणते मोटारीच्या, याची मीटर नोंद ठेवीत नाही. ते फक्त बेरीज जाणते.

ऑडिटरसाहेबांच्या घरचा खप मोटारीपूर्वी 280 युनिटांचा होता. मोटार आल्यावर तो 450 झाला आणि बिल, स्थिर आकार सोडून, सुमारे 3,000 वरून 5,770 वर गेले. बिल हातात घेऊन वहिनींनी सरळ वजाबाकी केली आणि मोटारीच्या नावावर पावणेअठ्ठावीसशे रुपये मांडले. ऑडिटरसाहेबांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की मोटारीचे 170 युनिट हे पहिल्या पायरीपासून मोजले पाहिजेत, म्हणजे पहिले 100 सहाच्या दराने आणि उरलेले 70 अकराच्या दराने. शुल्क धरून रक्कम होते अवघी 1,590.

"म्हणजे मोटार आधी जेवली आणि आपण मागाहून?" वहिनींनी विचारले. "अहो, ती आली कधी? गेल्या दिवाळीला. फ्रिज आलाय लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"तो फ्रिज कधीच मोडीत गेला. हा तिसरा."

"फ्रिज बदलला असेल, जागा तीच आहे. तुमच्या ऑफिसात माणूस बदलला म्हणून खुर्ची नवी होते का?"

ज्येष्ठतेच्या यादीपुढे सरकारी नोकराचे काही चालत नाही. आयुष्यभर ज्या तत्त्वावर त्यांनी स्वतःची बढती मागितली होती, तेच तत्त्व फ्रिजच्या बाजूने उभे राहिलेले पाहून ऑडिटरसाहेब निरुत्तर झाले आणि प्रकरण सल्ल्यासाठी तळमजल्यावरच्या वकिलांकडे गेले. वकिलांनी चहा घेता घेता दत्तकविधानाचा दाखला दिला: एकदा कुटुंबात विधिपूर्वक घेतले की दत्तक मूल आणि औरस मूल यांत भेद करता येत नाही, मोटार पूजा करून, हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून घरात आणली असल्यामुळे ती कुटुंबाची पूर्ण घटक ठरते, सबब सर्वांना सरासरी एकच दर लावावा. सरासरी काढली तेव्हा युनिट पावणेतेरा रुपयांना पडले आणि मोटारीचा वाटा 2,180 ठरला. तडजोड उभयपक्षी मान्य होण्याच्या बेतात होती. इतक्यात वहिनींच्या ध्यानात आले की मोटारीपूर्वी फ्रिजचे युनिट पावणेअकराला पडत होते, ते आता दोन रुपयांनी महागले आहे, आणि या दोन रुपयांचा उपभोग फ्रिजने कोणत्याही अर्थाने घेतलेला नाही. तडजोड तेथेच मोडली.

एक मोटार, एक वायर, एक महिना, आणि खर्च मात्र 1,590, 2,180 किंवा 2,780. तिन्ही आकडे बिनचूक आहेत. मी स्वतः बेरजा पडताळून पाहिल्या. येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल, ती ही की लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी, लिटरचा दर शंभरीच्या वर असता, सात हजारांच्या आसपास लागले असते. म्हणजे वहिनींचा सर्वांत कठोर आकडा धरला तरी बचत चार हजारांहून अधिक आहे. परंतु हे चार हजार दिसत नाहीत. न झालेला खर्च कोणत्याही किर्दीत लिहिला जात नाही आणि झालेला खर्च मात्र स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून राहतो. तेव्हा बचतीच्या बाजूने बोलायला त्या घरात कोणी उरले नाही.

पराभूत झालेल्या ऑडिटरसाहेबांनी मग दुसरा मार्ग अवलंबिला. मोटारीला खालच्या पायरीवर आणायचे तर कुटुंबाने खप कमी केला पाहिजे, हे उघड होते, आणि या काटकसरीसाठी त्यांनी घरातल्या यच्चयावत क्रियांचे रूपांतर किलोमीटरांत करावयास प्रारंभ केला. 3 किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की दीड युनिट, म्हणजे दहा किलोमीटर. वातानुकूलन यंत्र तासाला आठ किलोमीटर. इडलीचे पीठ वाटण्यास सव्वा किलोमीटर. घरात कोणी न्हाणीघरात अधिक वेळ रेंगाळले की बाहेरून "लोणी काळभोर आलं!" अशी आरोळी ऐकू येऊ लागली. वहिनींनी काही दिवस हे सहन केले, आणि मग एका सकाळी न्हाऊन बाहेर येताना शांतपणे सांगितले की आज त्या थेट सासवडपर्यंत जाऊन आल्या आहेत. तेव्हापासून ही मोजणी बंद पडली.

चार्जिंगच्या जागेची हकिकत मी थोडक्यात आटोपतो, कारण सहकारी गृहरचना संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा अनुभव ज्याला आहे त्याला ती सांगावी लागत नाही आणि ज्याला नाही त्याला ती खरी वाटणार नाही. मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत वायर नेण्यास सामाईक भिंत लागते, आणि सामाईक भिंतीवर प्रत्येकाचे एक मत असते. कोणाला आगीची भीती, कोणाला ही वीज लिफ्टच्या बिलात येईल ही शंका, तर एका सभासदाचा विरोध केवळ एवढ्यासाठी, की त्याच भिंतीवर त्यांना तुळशीच्या कुंड्यांचा कठडा 2009 साली नाकारण्यात आला होता. अखेर वायर गेली, 15 अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट बसला आणि मुहूर्तावर मोटारीची दोरी त्यात खोचली. पण चार्जरवर लाल दिवा लागला आणि मोटारीने अन्नाला तोंड लावले नाही. इमारतीला अर्थिंग आहे अशी आम्हां सर्वांची बांधल्यापासूनची श्रद्धा होती, आणि फ्रिज, पंप, लिफ्ट यांनी ती कधी तपासून पाहिली नव्हती. मोटार मात्र अर्थिंग नीट असल्यावाचून वीज घेत नाही. आमच्या इमारतीची खरीखुरी तपासणी करणारा पहिला निरीक्षक असा चार चाकांवर आला. मग कुंपणाजवळ खड्डा खणून, पट्टी पुरून, मीठ आणि कोळसा भरून रीतसर अर्थिंग करण्यात आले, आणि मीठ थोडे उरले होते त्याने वहिनींनी मोटारीची दृष्टही काढून घेतली.

सुज्ञ वाचक विचारील की एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोटारीसाठी वेगळे मीटर का घेतले नाही. मीही विचारले. राज्यात चार्जिंगसाठी 2018 पासून दराचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यात घरगुती दरासारख्या पायऱ्या नाहीत, आणि वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत 2024 साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे सोसायटीतल्या सभासदालाही मोटारीपुरती स्वतंत्र जोडणी मागता येते. तसे केले तर सारा कज्जा एका दिवसात मिटेल, हे ऑडिटरसाहेबांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. त्यांनी मला जिन्यात बाजूला घेतले आणि जोडणीचा खर्च, तिचा वेगळा स्थिर आकार वगैरे दोनचार कारणे सांगितली. पण शेवटी खरे कारण हलक्या आवाजात बाहेर पडले.

"आत्ता तीन आकडे आहेत," ते म्हणाले, "त्यांतला एक तरी माझा आहे. वेगळं मीटर आलं की एकच आकडा राहील, आणि बिल तर हिच्याच हातात जायचं."

ज्याने आयुष्यभर इतरांच्या हिशेबांवर आक्षेप काढले त्याला स्वतःचा हिशेब निराक्षेप होण्याची अशी धास्ती वाटावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. वादाला जागा आहे तोवर संसारात पुरुषाला स्थान आहे, अशी त्यांची भूमिका होती.

दरम्यान 2025 साली एक नवी सवलत जाहीर झाली. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाने सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळात वीज वापरली तर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सूट, कारण त्या वेळी सौरऊर्जा मुबलक असते. वीज रात्री स्वस्त असते हे ऐकत वाढलेल्या पिढीला हा सूर्यनारायणाचा कारभार नवा होता. ऑडिटरसाहेबांनी परिपत्रक दोनदा वाचले. ज्या वेळात घरी वीज स्वस्त, नेमक्या त्याच वेळात त्यांची मोटार कचेरीच्या आवारात एका चिंचेच्या झाडाखाली उपाशी उभी असते, आणि ते सूर्यास्ताच्या बेताला घरी येऊन तिला पूर्ण दराने जेवू घालतात. त्या आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचे नियम कपाटातून बाहेर काढल्याचे मी पाहिले. एका रुपयासाठी माणूस नोकरी सोडील असे नाही. परंतु त्यांचा हिशेब पेन्शनपर्यंत गेला होता खरा.

आता पाहुण्यांचे प्रकरण. पेट्रोलच्या काळात पाहुणा कितीही निकटचा असला तरी "काका, जरा टाकी भरून द्या" असे म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. विजेच्या मोटारीने हा निर्बंध उठविला. गेल्या महिन्यात नाशिकहून त्यांचा पुतण्या सहकुटुंब आला, दोनशे दहा किलोमीटर मोटार चालवून, आणि पायांवर पाणी घेण्याच्या आधी त्याने विचारले, "काका, प्लग कुठं आहे?" वहिनींनी मोठ्या कौतुकाने जागा दाखविली. त्या सॉकेटातून तासाला सव्वातीन युनिटांहून अधिक काही जात नसल्यामुळे पाहुण्यांची मोटार रात्री नऊला लागली ती सकाळी आठपर्यंत जेवत होती. घरधन्याची मोटार बाजूला ताटकळत राहिली आणि ऑडिटरसाहेब दुसऱ्या दिवशी कचेरीत बसने गेले. मीटरवर 35 युनिट चढले. हे युनिट कोणत्या पायरीचे, याविषयी मात्र प्रथमच पतिपत्नींत एकमत झाले: पाहुणा सर्वांत शेवटी आला, तेव्हा त्याचे पान शेवटच्या पंगतीतले. शुल्कासकट रक्कम सहाशेच्या घरात गेली. साखरभात, आमरस आणि दोन वेळची भजी यांचा खर्च एवढा झाला नव्हता, आणि त्यांविषयी पाहुण्यांनी निदान तोंड भरून स्तुती तरी केली होती. विजेची स्तुती कोणी करीत नाही.

परतफेड भेटीनेच करावी हे आपल्याकडचे जुने वळण. ऑडिटरसाहेबांनी नाशिकला जाण्याचा बेत मुक्रर केला, आणि एरवी देवधर्माच्या बाबतीत उदासीन असलेल्या या गृहस्थांनी वाटेत लेण्याद्री आणि ओझर येथे गणपतीचे दर्शन घेण्याची इच्छा प्रकट करताच वहिनींना गहिवरून आले. मला त्यांनी नंतर नकाशावर दाखविले की महामार्ग सोडून जुन्नरकडे वळले म्हणजे तीसचाळीस किलोमीटर वाढतात, आणि 40 युनिटांची बॅटरी त्या मानाने नाशिकच्या वेशीवर बरोबर संपत आलेली असते. शनिवारी निघायचे, रविवारी रात्रभर पुतण्याच्या घरी मोटार लावायची, सोमवारी परत. तोवर इकडे मीटरच्या वाचनाची तारीखही उलटून गेलेली, आणि चालू महिन्याचा आकडा 485 वर, म्हणजे पाचशेच्या रेषेच्या आत, सुखरूप थांबलेला. आराखडा निर्दोष होता. मी त्यांना तसे सांगितलेही.

शुक्रवारी रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, अवश्य या, आणि दुपारीच पोचा. आमच्या बंगल्यावर पॅनेल बसवलीयत ना गेल्या वर्षी, केंद्राच्या योजनेतून. अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान मिळालं. बिल जवळपास येतच नाही. उलट वीज उरते ती कंपनीला जाते. तुमची गाडी खुशाल लावा, आम्हाला पैसासुद्धा पडत नाही!"

ऑडिटरसाहेबांनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांची मुद्रा एखाद्या आक्षेपाचे अनपेक्षितपणे समाधानकारक उत्तर आल्यासारखी झाली होती. ज्याला पैसाही पडत नाही त्याच्याकडून सहाशे रुपयांची वीज वसूल करून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी मोठ्याने विचारला नाही. नाशिकचा बेत तूर्त तहकूब करू, कचेरीत काम फार आहे, एवढेच ते म्हणाले.

"बरं, नाशिक राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "पण देवाला बोललेलं मोडायचं नसतं. रविवारी ओझर करून संध्याकाळी परत येऊ. जाऊन येऊन पावणेदोनशेच तर किलोमीटर आहेत."

आणि सोमवारी कचेरी असल्यामुळे रविवारी रात्री मोटार घरच्याच सॉकेटाला लागणार होती, मीटरचे वाचन दुसऱ्या दिवशी होते, आणि आणखी 29 युनिट म्हणजे 514, हा हिशेब ऑडिटरसाहेबांनी "हो" म्हणण्यापूर्वीच केलेला होता.